चीफला ‘रे’ कसं म्हणायचं

वराळ्याच्या ‘स्वप्नशिल्प’ सोसायटीत गोरखआबांना अरेतुरे करायची कुणाची टाप नाही. आबा स्वतः स्वभावाने गरीब. त्यांना कुणी काहीही म्हटलं तरी ते चष्मा पुसत हसतात. पण त्यांच्या आई, बयाबाई, सकाळचं ऊन खायला गेटजवळच्या बाकावर बसलेल्या असतात. नव्या वॉचमनने एकदा लांबून “ओ गोरख, पार्सल आलंय” अशी हाक मारली, तर म्हातारीने काठीच्या खुणेने त्याला जवळ बोलावलं आणि विचारलं, “का रं, तुज्या बापाला असं मोकळ्या नावानं कोन हाळी मारतं का?” तेव्हापासून तो वॉचमन ‘गोरखसाहेब’ म्हणताना खुर्चीवरून उठतो. म्हणून आपणही आबांना अहोजाहोच करू. उगाच वाकडं कशाला.

हे वेड म्हातारीने हौसेने लावून घेतलेलं नव्हतं. कान्ह्याच्या वस्तीवर त्या नांदायला आल्या तेव्हा त्यांच्या नवऱ्याला गावातली शेंबडी पोरंसुद्धा “ए मारुत्या” म्हणून हाक मारायची, आणि मारुती हातातला घास ठेवून “जी” करत बाहेर जायचे. घरात बुद्धाची तसबीर आली, बाबासाहेबांची आली, जुने देव गेले, तरी ती हाक काही गेली नाही. तेव्हा मुलगा झाल्यावर बयाबाईंनी आपल्यापुरता कायदा केला: ह्याला कुणी अरे म्हणायचं नाही. कायद्याची सुरुवात त्यांनी घरापासून केली. दुपट्यात गुंडाळलेल्या पोराला “गोरखराव, दूद प्या” म्हणणारी आई साऱ्या मावळात दुसरी झाली नसेल. शाळेत कुणी ‘गोरख्या’ म्हटलं की त्या संध्याकाळी त्या पोराच्या दारात उभ्या राहायच्या. परिणाम असा झाला, की आबांना साऱ्या बालपणात एकही सवंगडी मिळाला नाही. ज्या पोराला राव म्हणावं लागतं त्याच्याशी विटीदांडू कोण खेळणार?

पुढे आबा आयटीआय करून बोटीवर फिटर म्हणून लागले. मालवाहू बोट, मालक ग्रीक, आणि इंजिनरूमचा राजा म्हणजे चीफ इंजिनिअर पांदेलीस. पोट पुढे, मिशा पांढऱ्या, आवाज इंजिनच्या वर. पहिल्याच दिवशी पांदेलीस जिन्यावरून ओरडले, “रे गोराकी!”

आबांच्या हातातला पाना जागीच थांबला. ‘रे’ समजायला मावळातल्या माणसाला ग्रीक शिकावं लागत नाही. आबांना वाटलं, सात समुद्र ओलांडून आलो, तरी इथंही आहेच.

पण आठवडाभरात त्यांनी कान देऊन ऐकलं तेव्हा प्रकार वेगळा निघाला. पांदेलीस कॅप्टनला रे म्हणत, बोटीवरच्या स्वयंपाक्याला, म्हणजे भंडाऱ्याला रे म्हणत, बंद पडलेल्या पंपाला तर अगदी कळवळून रे म्हणत. एका बंदरात कंपनीचा एक गोडबोल्या माणूस तपासणीला आला. त्याला मात्र चीफ ‘किरिये’ म्हणाले. किरिये म्हणजे साहेब, महोदय. ते इतक्या अदबीने, इतक्या थंडपणाने म्हणाले की तो माणूस जेवणाला न थांबता उतरून गेला. मग भंडाऱ्याने आबांना समजावलं, की ग्रीक माणूस रे म्हणतो तोवर सगळं ठीक आहे. तो साहेब म्हणायला लागला की समजावं, आपलं काहीतरी बिनसलं. आणि ‘गोराकी’ म्हणजे काय, तर लाडाने लहान केलेलं नाव. शेपटीला ‘आकी’ लावलं की ग्रीक माणसाने तुम्हाला मांडीवर घेतलं असं धरायचं.

आबांना हे आवडलं. जन्मात पहिल्यांदा त्यांना कुणी लहान केलं होतं. वॉल्व्ह चांगला बसवला की चीफ ‘मास्तोरा’ म्हणत, म्हणजे कारागीर. ताप आला की ‘पेदी मू’, म्हणजे माझ्या लेकरा. आणि फार आनंद झाला, किंवा बोटावर हातोडा पडला, की आणखी एक शब्द म्हणत. तो शब्द इथे लिहिता येणार नाही. तो ‘म’ने सुरू होतो, जिवलग मित्रांतच चालतो, आणि चुकीच्या माणसाला म्हटला तर दात पडतात एवढंच सांगतो. अधिक चौकशी करू नये.

अडचण एकच होती. चीफना ‘रे’ परत हवा होता. “म्हण की, रे पांदेली म्हण!” असं ते प्रत्येक सफरीत म्हणायचे, आणि आबा दरवेळी मान खाली घालून म्हणायचे, “येस चीफ.” चीफ वयाने डझनभर वर्षांनी मोठे, हुद्द्याने तर आभाळाएवढे. जीभच वळायची नाही. “तू फार गर्विष्ठ माणूस आहेस,” चीफ म्हणायचे. आबा हसून पुन्हा “येस चीफ” म्हणायचे. अशा कितीतरी सफरी झाल्या. मग दोघंही निवृत्त झाले.

आणि मागच्या डिसेंबरात फोनवर संदेश आला. चीफची बायको वारली होती. मुलं कॅनडात. पाठ धरलेली. कुणीतरी सुचवलं म्हणून ते लोणावळ्याला एका योगवाल्यांच्या संस्थेत महिनाभर उपचाराला येत होते. शेवटी लिहिलं होतं: ‘रे गोराकी, जानेवारीच्या शेवटी तुझ्याकडे राहायला येतो. आता मला रे म्हणायला जगात फार लोक उरलेले नाहीत. जागा ठेव.’

आबांनी तो संदेश वाचला, पुन्हा वाचला, आणि आनंदाने खिडकीशी गेले. खाली गेटजवळच्या बाकावर आई बसली होती. आबांचा आनंद तिथल्या तिथे बसला.

“अगं सविता,” ते आत येऊन बायकोला म्हणाले, “चीफ येतायत. आणि ते मला आईसमोर रे म्हणणार.”

सविताबाई भाकरी थापत होत्या. “मग सांगून टाका ना आत्याबाईंना, की त्यांच्यात असंच म्हणतात.”

“तू सांगतेस?”

सविताबाईंनी पुढची भाकरी थापायला घेतली.

आबांना भीती आईच्या काठीची नव्हती. चौऱ्याऐंशीच्या बाईने मारलं तरी किती मारणार. पण एक गोरा, धिप्पाड माणूस तिच्या डोळ्यांदेखत तिच्या पोराला “ए, अरे” करतोय आणि पोरगा हसत “येस चीफ” म्हणतोय, हे तिने पाहिलं तर तिला आपला नवरा अंगणात “जी” करत उभा दिसेल. इतक्या वर्षांची तिची सगळी राखण एका दुपारी वाया जाईल. ते आबांना सोसणार नव्हतं. म्हणून त्यांनी ठरवलं, की चीफना एक साधी विनंती करायची: चार दिवस, फक्त आईसमोर, मला जरा मानाने बोलवा.

साधी विनंती साधी राहिली असती तर आपली गोष्ट इथेच संपली असती. पण आबांनी ती सून रुपालीच्या फोनवरून भाषांतर करून पाठवायचं ठरवलं, आणि नेमकं त्याच वेळी सोसायटीचे चेअरमन काळोखेसर मेंटेनन्सबद्दल बोलायला घरात आले. काळोखेसर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. कुणी काही लिहीत असलं की त्यांना तहान लागल्यासारखं होतं.

“‘मला मानाने बोलवा’? छे छे!” ते खुर्ची ओढून म्हणाले. “परदेशी अभियंत्याला असं लिहितात? लिही गं रुपाली. ‘आपल्या आगामी भेटीत आपण आमचा उल्लेख यथोचित आदराने करावा, तसेच सलगीदर्शक संबोधने कटाक्षाने टाळावीत, ही नम्र परंतु आग्रहाची विनंती.’”

“सर, हे जरा कडक होतंय,” आबा म्हणाले.

“नम्र शब्द घातलाय की.”

रुपालीने बटण दाबलं. फोनने त्या वाक्याचं ग्रीकमध्ये काय केलं ते फोनलाच ठाऊक. एरवी चीफचं उत्तर लगेच यायचं, सोबत मिशांचा फोटो यायचा. ह्या वेळी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तर आलं. एकच ओळ: ‘ठीक आहे, किरिये गोराख.’

‘आकी’ गेलं होतं. आबा रात्री नीट जेवले नाहीत.

काळोखेसर मात्र खूश झाले. “बघा! एका पत्रात माणूस सुसंस्कृत झाला.” आणि त्यांनी तिथेच जाहीर केलं, की एवढे मोठे पाहुणे येतायत तर सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला त्यांचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, फेटा. शिवाय सोसायटीला चार ग्रीक शब्द आले पाहिजेत म्हणून रविवारी क्लबहाउसमध्ये आबांचा वर्ग ठेवला.

वर्गाला गर्दी झाली, कारण नंतर मिसळ होती. आबांनी ‘कालीमेरा’ म्हणजे सुप्रभात शिकवलं. मग तळमजल्यावरच्या नंदाबाईंनी हात वर केला. “आबा, तिकडं बायका नवऱ्याला काय म्हणून हाक मारतात?”

“नावानं.”

“नुसत्या नावानं? आणि त्याला राग नाही येत?”

“नावानं हाक मारली नाही तर येतो. बायकोनं साहेब म्हटलं तर तो विचारतो, माझं काय चुकलं.”

बायकांत मोठी खळबळ उडाली. नंदाबाईंचे यजमान मागच्या रांगेतून पुढच्या वर्गाची वेळ न विचारताच निघून गेले. मग काळोखेसरांनी विचारलं, की ‘अहो’ला जवळचा शब्द कुठला? आबांनी सांगितलं, की ‘काले’ असा एक शब्द आहे, पण तो बायका वापरतात, आपल्याकडे ‘अगं बाई’ म्हणतात तसा. पुरुषाने वापरला तर लोक हसतात. सर तेव्हा मिसळीच्या तर्रीबद्दल सूचना देत होते. त्यांनी वहीत ‘काले – अहो’ एवढंच लिहून घेतलं.

परदेशी पाहुणा घरी उतरवायचा तर पोलिसांना कळवावं लागतं. त्याचा ऑनलाइन फॉर्म असतो. फॉर्मने चीफचा फोटो दोनदा परत केला, कारण मिशा चौकटीत बसत नव्हत्या. शेवटी चौकीवरचे हवालदार स्वतःच चौकशीला आले. माणूस भला होता, चहा घेऊन समोर बसला.

“पाहुणे तुमचे कोण?”

“मित्र.”

“तुम्ही बोटीवर फिटर. ते चीफ इंजिनिअर. वयाने मोठे. मग मित्र कसे?” हवालदारांनी सहज विचारलं. “तुम्ही त्यांना काय म्हणता?”

“चीफ.”

“म्हणजे साहेबच की. आमच्या पीआयसाहेबांना मी मित्र म्हणेन का? माझा मित्र म्हणजे एक गणपत. तो मला शिव्या देतो, मी त्याला देतो. एकानेच दिल्या तर ती नोकरी झाली.” हवालदार मोठ्याने हसले आणि बिस्कीट बुडवून खाल्लं. आबा हसले नाहीत. इतक्या वर्षांत चीफ त्यांच्याकडे नेमकं काय मागत होते, ते त्यांना ह्या बिस्कीट खाणाऱ्या माणसाकडून कळत होतं.

चीफ तेवीस तारखेला लोणावळ्याहून लोकलने आले. स्वागताला काळोखेसर आणि मंडळी हार घेऊन तळेगाव स्टेशनवर उभी होती. चीफ पाठीमुळे सीटवरून वेळेत उठू शकले नाहीत, गाडी सुटली, आणि ते पुढे घोरावाडीला उतरले. तिथून एका टेम्पोवाल्याने त्यांना पुढे बसवून सोसायटीच्या गेटवर आणून सोडलं. हार तळेगावलाच राहिला, तो सरांनी मग परत आणून कार्यक्रमासाठी फ्रिजमध्ये ठेवला.

आबा लिफ्टमधून धावत खाली आले. चीफ म्हातारे झाले होते. पोट उतरलं होतं, मिशा मात्र तशाच. हातात चिक्कीचा पुडा. आबांना पाहून त्यांचे दोन्ही हात वर गेले, आणि मग काहीतरी आठवल्यासारखे खाली आले.

“किरिये गोराख,” ते म्हणाले, आणि हस्तांदोलनासाठी हात पुढे केला.

“चीफ,” आबा म्हणाले. त्यांनी तो हात हातात घेतला. बाकावरून बयाबाई सगळं बघत होत्या.

पुढचे दोन दिवस सोसायटीच्या दृष्टीने फार छान गेले. असा अदबशीर परदेशी माणूस कुणी पाहिला नव्हता. नव्या इंद्रायणी तांदळाचा भात वाढला की चीफ उभे राहून आभार मानत. सविताबाईंना मान लववून नमस्कार करत. आबांच्या आधी खुर्चीत बसत नसत. आबांनी बोटीतल्या जुन्या गमती काढल्या, तर चीफ म्हणत, “होय, किरिये गोराख, फार चांगले दिवस होते ते,” आणि खिडकीबाहेर बघत. आबांना खाल्लेलं अंगी लागेना. आईसमोर नको म्हटलं होतं. पण चीफ एकांतातही तसेच. आबा त्यांना डोंगर दाखवायला गच्चीवर घेऊन गेले. बोटीवरून दिसणाऱ्या प्रत्येक बेटाला चीफ एक शिवी हासडायचे. इथे ते म्हणाले, “सुंदर. आपले आभार.”

आबांनी बोलायचा प्रयत्न केला नाही असं नाही. “चीफ, तो मेसेज—” ते म्हणाले. चीफनी हात वर केला. “मला समजतं. आता तुमचं मोठं कुटुंब आहे, मान आहे. मी बोटीवरचा माणूस, माझी जीभ खराब. तुम्ही सांगितलंत ते योग्य केलंत.” आबा “येस चीफ” म्हणाले आणि स्वतःवरच चिडले.

पंचवीस तारखेला काळोखेसर कार्यक्रमाची रूपरेषा सांगायला आले. त्यांनी चीफना दोन्ही हात जोडून, सबंध घराला ऐकू जाईल असं म्हटलं, “काले! पांदेलीससाहेब!” चीफच्या मिशा थरथरल्या. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत बोटीवरचा माणूस दिसला. त्यांनी आबांकडे पाहिलं, आबांनी त्यांच्याकडे, आणि क्षणभर दोघांनाही हसू फुटणार होतं. पण लगेच चीफनी खाली पाहिलं.

“किरिये गोराख,” ते म्हणाले, “उद्या कार्यक्रम झाला की मी जाईन. लोणावळ्याला टॅक्सी सांगितली आहे. परवा विमान बदलून घेतो.”

आबा गॅलरीत जाऊन उभे राहिले. हा माणूस असा गेला तर परत येणार नव्हता. ह्या वयात, ही पाठ घेऊन, कोण येतं? मागून काठीचा आवाज आला.

“गोरखराव,” बयाबाई म्हणाल्या, “तुमचा ह्यो दोस्त लय थंड वाटतोय. भांडान झालंया व्हय?”

“न्हाई आये.”

“मग येवढं अवो-जावो कशापायी? मानूस येवढं परक्याशीच करतं.”

पोराला जन्मभर ‘राव’ म्हणणाऱ्या आईने हे बोलावं! आबांनी चष्मा पुसायला घेतला. ते म्हणाले, “त्येंची रीत हाय.”

“खोटं नका बोलू,” बयाबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन झालं. उद्देशिकेचं वाचन झालं. सरांनी ते इतक्या आवाजात केलं की पलीकडच्या सोसायटीनेही आपलं वेगळं केलं नसतं तरी चाललं असतं. मग सत्कार. चीफना फेटा बांधला. तीन दिवसांचा थंडगार हार गळ्यात पडल्यावर ते दचकले. शाल अंगावर आली, नारळ हातात आला. पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर पांढऱ्या लुगड्यात बयाबाई. गेटबाहेर टॅक्सी उभी, बाकाजवळ चीफची बॅग.

चीफ माइकवर चारच वाक्यं बोलले. सर्वांचे आभार, या थोर देशाचे आभार, “आणि माननीय किरिये गोराख यांचे, ज्यांनी मला आपल्या घरी राहू दिलं.” टाळ्या पडल्या. ‘राहू दिलं’ हे आबांना फार लागलं.

मग काळोखेसरांनी आबांच्या हातात आभाराचं भाषण ठेवलं. ते सरांनीच लिहिलं होतं. ‘सन्माननीय, वंदनीय’ अशी त्याची सुरुवात होती. आबा माइकसमोर उभे राहिले. कागद वाचायला चष्मा लावला, काढला, पुसला. चीफ नारळ धरून समोर बसले होते, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघणाऱ्या माणसासारखे. आबांना वाटलं, ह्याने मला इतकी वर्षं हाक मारली आणि मी एकदाही ओ दिली नाही.

त्यांनी आईकडे पाहिलं. मग तिच्याकडे बघायचं सोडून दिलं.

“रे पांदेली,” ते म्हणाले.

माइकने शिट्टी मारली. चीफनी मान वर केली.

“रे पांदेली!” आबा पुन्हा म्हणाले, आता मोठ्याने, आणि पुढचं त्यांच्या बोटीवरच्या तुटक इंग्रजीत. “कुठे चाललास रे? टॅक्सी परत पाठव. तो मेसेज मी घाबरून केला. माझ्या बापाला लोक रे म्हणायचे आणि त्याला परत म्हणता यायचं नाही. माझ्या आईला ते आठवेल म्हणून मी घाबरलो. तू माझा साहेब नाहीस रे, तू माझा मित्र आहेस. बस खाली!”

चीफ बसतात कुठले! ते उभे राहिले होते. नारळ हातातून निसटून घरंगळत गेला. फेटा एका कानावर आला. ते स्टेजवर चढले, आबांना शालीसकट मिठी मारली, आणि माइक दोघांच्या मध्ये असताना, गहिवरून, आबांना म्हणाले, “रे गोराकी! रे —!”

तोच तो ‘म’वाला शब्द. स्पीकरमधून तो सगळ्या सोसायटीवर गेला. सुदैवाने तिथे ग्रीक जाणणारे दोघंच होते, आणि दोघंही रडत होते.

काळोखेसरांनी माइक हातात घेतला. सरही भारावले होते. “मित्रहो,” ते म्हणाले, “मैत्रीचा हा केवढा उदात्त क्षण! पाहुण्यांनी आपल्या आबांना जे गौरवास्पद संबोधन वापरलं, त्याच शब्दात मीही दोघांचं अभिनंदन करतो—” आणि सरांनी तो शब्द, मुख्याध्यापकाच्या स्वच्छ उच्चारात, दोनदा म्हटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चीफ हसता हसता स्टेजच्या पायरीवर बसले, त्यांना उठता येईना, आणि पाठीवर हात ठेवून ते ओरडत होते, “सांगू नकोस! त्याला अर्थ सांगू नकोस!”

तेवढ्यात पहिल्या रांगेत काठी आपटली. टाळ्या थांबल्या.

“गोरखराव,” बयाबाई म्हणाल्या. “हितं या.”

आबा खाली उतरून आईसमोर उभे राहिले. साठीला आलेला माणूस, पण हात आपोआप मागे बांधले गेले.

“त्यो तुमाला रे म्हनला.”

“व्हय आये.”

“मला आयकू येतं अजून. किती वरसं म्हनतोय?”

“लय वरसं.”

“आन् तुमी?”

“म्या आज म्हनलो. पैल्यांदा.”

“येवढ्या लोकांत?”

“व्हय.”

“आन् त्येनं काय क्येलं?”

“त्यो रडला, आये.”

पायरीवर बसून डोळे पुसणाऱ्या, फेटा सुटलेल्या त्या म्हाताऱ्याकडे बयाबाईंनी पाहिलं. मग म्हणाल्या, “तुमच्या बानं एकदा जरी उलटून म्हनलं आसतं, तर हाडं मोडली आसती त्येची. ह्यो रडला.” त्यांनी पदराने नाक पुसलं. “मग बराबर हाय. दोगं बी म्हनताय तर म्हना.”

सविताबाईंनी सोडलेला श्वास मागच्या रांगेपर्यंत ऐकू आला. बयाबाई काठी टेकून उठल्या, पायरीशी गेल्या आणि त्या धिप्पाड माणसाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “ए पांदेली, ऊठ बाबा. भूक लागली आसंल. जेवाया चल वर.” मग मागे वळून, गेटकडे काठी दाखवत, त्या ओरडल्या, “आन् तू रं, गोरख्या! बगत काय ऱ्हायलास? त्येची बॅग घे की!”

आबा जागचे हलले नाहीत. त्यांना बॅग कुठे आहे ते माहीत होतं, पण दिसत नव्हती. आईने त्यांना असं आजवर कधी बोलावलं नव्हतं.

पांदेलीस कसेबसे उठून त्यांच्याजवळ आले. “रे गोराकी,” त्यांनी काळजीने विचारलं, “काय झालं? काय म्हणाली ती?”

“काही नाही रे,” आबा म्हणाले. “आई हाक मारतेय.”